मदत हवी आहे : पुण्यातल्या प्लेगवरचे संदर्भ शोधताना नेमके विषयशब्द कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी. एम.ए. इतिहासाच्या प्रबंधासाठी मी १८९७च्या पुण्यातल्या प्लेगवर काम करते आहे. प्लेगचा बंदोबस्त पाहणारा इंग्रज अधिकारी रँड याचा खून सगळ्यांना ठाऊक असतो. मला मात्र प्लेगचे रोगी शोधायला सरकारने केलेल्या घरझडतीच्या काळात बायकांचं काय झालं, ते शोधायचंय.

अडचण शब्दांची आहे. ग्रंथालयाच्या संगणकावर इंग्रजीत 'पुणे, प्लेग' टाकलं, तर हाती फारसं काही लागेना. 'पूना' टाकल्यावर एकदम जुनी पुस्तकं दिसू लागली. मग एका पुस्तकाच्या शीर्षकपानामागे बारीक अक्षरात विषय छापलेले दिसले: साथीचे रोग, सार्वजनिक आरोग्य, वसाहतकाळ. तेच शब्द परत टाकले, तेव्हा कुठे वाट सापडली. आता प्रत्येक पुस्तकाचं ते पान आधी उघडते आणि शेवटची सूची बोटाने खाली सरकत वाचते. ड्युई वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, आरोग्य ६१४ मध्ये, भारताचा इतिहास ९५४ मध्ये, त्यामुळे दोन्ही कपाटं धुंडाळावी लागतात.

मराठीचं काय करावं, ते कळत नाही. त्या काळी प्लेगला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. असे आणखी जुने शब्द कुणाला माहीत आहेत का? भांडारकर संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात या विषयावर काम केलेल्यांनी, कुठून सुरुवात केली ते कृपया सांगा. शोधगंगा या संकेतस्थळावरचे प्रबंध चाळते आहेच. मार्गदर्शक सरांना पुढच्या महिन्यात संदर्भसूची दाखवायची आहे, आणि त्यात बायकांबद्दल अजून दोनच नोंदी आहेत.