शेड उभारणीच्या कामाला हेल्मेट कोणतं घ्यावं? गेटवर जुनी सगळी नाकारली

शेडवाला_शिरवळ

नमस्कार मंडळी. माझं शेड उभारणीचं छोटं काम आहे. शिरवळ, खंडाळा, लोणंद या पट्ट्यात राफ्टर-पर्लिन (छताचे लोखंडी तिरपे-आडवे दांडे) चढवणं, कलर शीट टाकणं, वर टर्बो पंखे बसवणं. माणसं पंधरा-सोळा, निम्मी झारखंडची, बाकी आपल्याकडची. परवा एका नवीन कंपनीत काम सुरू करायला गेलो, तर गेटवरच सेफ्टीच्या साहेबांनी आमची सगळी हेल्मेटं बाजूला काढली. एकेक उलटं करून आत बघितलं, दोन्ही हातांत धरून दाबलं, आणि 'ही आत येणार नाहीत' म्हणाले. वरून तर चकाचक होती. दिवाळीत सगळ्यांना एकसारखा पिवळा ऑइलपेंट मारून घेतलेला, वर आमचं नाव.

आता नवीन घ्यायचीच आहेत. हार्डवेअरच्या दुकानात शंभरच्या आतही मिळतात आणि बाराशेचंही दाखवतात. फरक काय? साहेब उलटं करून नेमकं काय बघत होते? पोरं उन्हामुळे गमछा गुंडाळून वर हेल्मेट घालतात, ते चालतं का? आणि किती वर्षं वापरायचं? हेल्मेटचे पैसे मी पहिल्या पगारातून कापतो, नाहीतर जपत नाहीत, त्यामुळे फार महाग परवडणार नाही.

भट्टीकडचा

शेडवाले, त्या साहेबांनी बरोबर केलं. माझी सगळी नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत सेफ्टी विभागात झाली. मी नुसती बाजूला ठेवली नसती, तिथंच करवत चालवली असती. का ते पुढं सांगतो.

उलटं केल्यावर पहिल्यांदा बघायची ती तारीख. पुढच्या छज्जाच्या आतल्या बाजूला घड्याळासारखा गोल छाप असतो. कडेनं 1 ते 12 आकडे, मध्ये वर्ष आणि एक बाण. बाण ज्या आकड्यावर, तो महिना. ही कवच ओतल्याची तारीख, तुमच्या बिलाची नव्हे. दुकानाच्या माळ्यावर तीन-चार वर्षं पडलेला माल 'नवीन' म्हणून गळ्यात मारतात, म्हणून पैसे द्यायच्या आधी उलटं करा. तिथंच आयएसआयची खूण बघा. वर आयएस 2925 (कामाच्या हेल्मेटचं भारतीय मानक) पाहिजे, खाली सीएम/एल ही अक्षरं आणि परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. आयएस 4151 लिहिलं असेल तर ते दुचाकीचं, ते साइटवर नको. शंभरच्या आतल्या बऱ्याच मालावर नुसतीच 'आयएसआय' अशी अक्षरं उठवलेली असतात, नंबर काही नाही. ते दुकानातच राहू द्या.

आता आतलं. सगळे कवचाकडं बघतात, पण जीव वाचवण्यात आतल्या पट्ट्यांचा वाटा मोठा. युरोपची ईएन 397 म्हणून चाचणी आहे. त्यात 5 किलोचा ठोकळा 1 मीटरवरून हेल्मेटवर सोडतात आणि खालच्या नकली डोक्यावर 5 किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर पोचला तर हेल्मेट नापास. बाकीचा जोर जातो कुठं? कवच दबतं, पट्ट्या ताणल्या जातात, आणि कवच व टाळूमधली दोन बोटं रिकामी जागा त्यात खर्ची पडते. त्या रिकाम्या जागेत तुमची पोरं काय ठेवतात? तंबाखूची पुडी, बिडीचं बंडल, मोबाइल. आमच्याकडं एकानं डब्यातली चपाती ठेवलेली मी बघितली आहे. वरून पाना पडला की तो आणि टाळू यांच्यात मोबाइल! गमछाचंही तेच. गुंडाळून गाठ मारली की पट्ट्या टाळूवर बसतच नाहीत आणि हेल्मेट वर तरंगतं. सपाट बसणारी पातळ सुती टोपी चालते, ती घालून पट्टा पुन्हा बसवून घ्यायचा. मानेला ऊन लागत असेल तर कवचाला अडकवायचा पडदा मिळतो, त्याच कंपनीचा घ्या.

रोज सकाळी बघायला अर्धा मिनिट पुरे. पट्ट्या उसवल्यात का, कवचाच्या खाचेत ज्या टोकांनी बसतात ती टोकं तुटलीत का, मागची चकरी (पट्टा आवळायचं गोल बटण) फिरवल्यावर धरते का. कवचाला तडा, खोल ओरखडा, कुठं पांढरा पडलेला डाग. एबीएसच्या (एक कडक प्लॅस्टिक) कवचाला मार बसला की तिथं पांढरट होतं, ते हेल्मेट संपलं, मग तडा दिसो न दिसो. उन्हात राहून चमक गेली, अंगठा घासला की खडूसारखी भुकटी हाताला लागली, तरी काढायचं. आणि साहेबांनी दाबलं ते यासाठी: दोन्ही बाजूंनी इंचभर दाबून सोडलं की कवच लगेच जागेवर आलं पाहिजे. करकर वाजलं किंवा आळसावून परत आलं तर प्लॅस्टिक मेलं.

तुमच्या रंगानं मात्र घात केला. ऑइलपेंटमधला थिनर एबीएसला खातो, आणि एचडीपीई या दुसऱ्या प्लॅस्टिकवर तर रंग धरतच नाही, पोपडे निघतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे रंगाखाली तडा लपतो आणि तारखेचा छापही बुजतो. नाव लावायचं तर बनवणाऱ्यानं चालतं म्हटलेला छोटा स्टिकर, तोही कडेपासून लांब.

आयुष्य: बहुतेक चांगल्या कंपन्या वापर सुरू केल्यापासून कवचाला पाच वर्षं आणि आतल्या पट्ट्यांना एक वर्ष सांगतात. पण ही मर्यादा आहे, हमी नव्हे. तुमचं काम पत्र्यावर, डोक्यावर ऊन आणि खालून पत्र्याची धग, तिथं मी पाच वर्षं वाट बघणार नाही. रात्री ही हेल्मेटं टेम्पोच्या काचेमागं ठेवत असाल तर ते आजपासून बंद. म्हणूनच घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: आतल्या पट्ट्या सुट्या मिळतात का? मिळत नसतील तर घेऊ नका. अडीचशे-तीनशेचं चकरीचं, विणलेल्या पट्ट्या सहा टोकांवर, सुटे भाग मिळणारं, असं बघा. एका कंपनीच्या कवचात दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या घालायच्या नाहीत, खाचेत बसल्या तरी.

करवतीचं: नाकारलेलं हेल्मेट भंगारात दिलं की ते धुऊन, रंग मारून परत फिरतं. म्हणून आम्ही पट्टे कापून कवचाला मधोमध करवत मारायचो, मगच भंगारात.

आणि पगारातून कापणं थांबवा. सुरक्षिततेची साधनं कामगाराला द्यायची तर त्याचे पैसे घेता येत नाहीत, असं कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 114 मध्ये स्पष्ट होतं, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा संहितेतही तेच आहे. कंपनीच्या आवारात तुम्ही ठेकेदार म्हणून गेलात आणि हे कुणी विचारलं, तर गेटपासपेक्षा मोठं लफडं होईल. जपत नाहीत म्हणता, तर प्रत्येकाचं वेगळं आणि नाव घातलेलं द्या, बघा जपतात का.

साइटवरची

भट्टीकडच्या काकांचं सगळं पटलं, एक सोडून. शेडच्या कामाला चकरीचं साधं हेल्मेट सुचवताना त्यांच्या डोळ्यापुढे जमिनीवरचा कामगार आहे. हिंजवडीकडच्या साइटवर मी उंचीवरच्या कामाची परमिटं सही करते, तिथला अनुभव वेगळा. पर्लिनवर वाकलेल्या माणसाचं हेल्मेट आधी खाली येतं, आणि खाली हायड्राचा (फिरत्या क्रेनचा) हेल्पर उभा असतो. हनुवटीचा पट्टा नसलेल्याला मी वर सोडत नाही.

त्यातही फरक आहे. ईएन 397 च्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा मुद्दाम सुटणारा असतो, 150 ते 250 न्यूटनमध्ये, म्हणजे साधारण पंधरा ते पंचवीस किलोच्या ओढीला. हेल्मेट कुठं अडकलं तर गळफास बसू नये म्हणून. पण माणूस हार्नेसवर (अंगाला बांधलेल्या सुरक्षा पट्ट्यांवर) लोंबकळत खांबाला आपटतो तेव्हा हेल्मेट डोक्यावरच राहायला हवं. त्यासाठी गिर्यारोहणाच्या ईएन 12492 सारखा, किमान 500 न्यूटनपर्यंत न सुटणारा पट्टा लागतो. बाराशेचं म्हणून दाखवतात त्यात असा चार टोकांचा पट्टा असू शकतो, लेबल वाचा. तुमच्या वर चढणाऱ्या सहा-सात जणांना ते घ्या, खालच्यांना काकांचं अडीचशेवालं. सगळ्यांना एकच घेण्याचा हट्ट नको.

माप बसवताना: चकरी आवळा, पट्टा न लावता पुढं वाका, डोकं हलवा. पडलं नाही आणि कपाळावर वळही उठला नाही, तर बरोबर. कामावर बायका असतील तर अंबाड्यावर हेल्मेट टेकवू नका, चकरी अंबाड्याच्या खाली आली पाहिजे. आणि डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बायकांना हेल्मेटवर चुंबळ ठेवायला सांगणारे मुकादम मी बघितलेत. पट्ट्या दिवसभर दबून राहतात, मान जाते ती वेगळीच. त्यांना ढकलगाडी द्या किंवा हॉइस्ट लावा, आणि वरून काही पडेल अशा जागेतून वाटच नको.

वायरमन_३३केव्ही

छोटी भर. हवेशीर म्हणून भोकांचं हेल्मेट घ्याल, तर वायरिंगवाल्या पोराला ते देऊ नका. अमेरिकन एएनएसआय झेड 89.1 या मानकात भोकवालं हेल्मेट सी वर्गात येतं, त्याला विजेपासून काही संरक्षण नाही. जी वर्ग 2,200 व्होल्टला तपासतात, ई वर्ग 20,000 ला. पण तो आकडा वाचून कुणी 11 केव्हीच्या (11,000 व्होल्टच्या) लाइनखाली हायड्राचा बूम (लांब हात) उचलू नये. लाइन बंद करून, अर्थिंग लावून, परमिट घेऊनच.

शेडवाला_शिरवळ

सगळ्यांचे आभार. गावातल्या दुकानात जाऊन उलटी करून बघितली, एकावर साडेतीन वर्षांपूर्वीची तारीख निघाली. दुकानदार म्हणाला, 'तुम्ही पहिलेच बघताय.' वर चढणाऱ्यांना चार टोकांचा पट्टा, खालच्यांना चकरीचं, असं ठरवलं. कापलेले पैसे या महिन्याच्या पगारात परत टाकतो. एक राहिलं: कंपनीवाले म्हणतात पिवळी कामगारांना, पांढरी सुपरवायझरला, निळी इलेक्ट्रिशियनला. हा नियम आहे का? आणि पोरांची डोकी खाजतात अशी तक्रार आहे, आत काय लावू?

भट्टीकडचा

रंगाचा कायदा नाही, प्रत्येक कंपनीची आपली पद्धत असते. ज्या गेटवर जाल तिथलं विचारून घ्या.

आत काहीही लावू नका, ना पावडर, ना रॉकेल. आठवड्यातून एकदा पट्ट्या सोडवून कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, कपाळाची घामपट्टी वेगळी धुवा, सावलीत वाळवा. पेट्रोल-थिनरनं पुसायचं नाही. घामपट्टी सुटी मिळते, दोन-तीन जास्तीच्या ठेवा. खाज बहुतेक एकमेकांची हेल्मेटं घालण्यानं येते. रात्री सगळी एका पोत्यात कोंबत असाल तर कंटेनरमध्ये भिंतीला खुंट्या ठोका, प्रत्येकाच्या नावाची एक.