माउंटन बाइकची साइज ठरवताना रीच पाहावा की टॉप ट्यूब?

माझी उंची १७२ सेंमी आणि पायाची आतली लांबी ७९ सेंमी असून नवी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) एम साइजची घ्यावी की एल, हे ठरत नाही.

सध्याच्या सायकलच्या हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) माथ्यावरून ओळंबा सोडून मोजले, तेव्हा रीच (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथपासून या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर) ४१० मिमी आणि स्टॅक (त्याच दोन बिंदूंमधले उभे अंतर) ६०० मिमी आला (वाऱ्याने ओळंबा हलत होता, तेव्हा चार-पाच मिमीची चूकभूल धरावी). सीट ट्यूबचा कोन ७३ अंश, आडवी टॉप ट्यूब (त्याच माथ्यापासून सीटच्या दांड्यापर्यंतचे आडवे अंतर) ५९३ मिमी, स्टेम (हँडल पुढे धरणारा जोड) ७० मिमी. बसून चढताना ती उत्तम वाटते. मात्र टेकडी उतरताना पेडलवर उभे राहिले की हँडल अंगाशी येते आणि भार पुढे जातो. सीट मागे सरकवून पाहिली, पण उभ्याने त्याचा अर्थातच उपयोग नाही.

नव्या सायकलचा सीट ट्यूबचा कोन ७६ अंश आणि स्टेम ४० मिमी आहे. एममध्ये रीच ४४० व टॉप ट्यूब ५९३, तर एलमध्ये ४६५ व ६२१ मिमी. म्हणजे स्टेम धरून बसण्याचे अंतर एलमध्ये जवळपास आजच्याइतकेच राहते, एममध्ये मात्र ३० मिमीने घटते. एलची सीट ट्यूब ४५० मिमी असल्याने १५० मिमीचा ड्रॉपर (चालवतानाच सीट खाली-वर करता येणारा दांडा) जेमतेम बसेल. दुकानात फक्त एम उपलब्ध असल्याने एल चालवून पाहता येत नाही.

वळणावळणाच्या अरुंद वाटांवर एल जड जाईल का, की एम घेऊन ५० मिमीचा स्टेम लावणे अधिक योग्य ठरेल?