खेळाडूंचे चेहरे नव्हे, त्यांचे डावपेच दाखवा

खो-खोला 'चेहरे', म्हणजे लोकांच्या ओळखीचे खेळाडू, मिळाले की खेळाचा प्रसार आपोआप होईल, असं म्हटलं जातं. अर्धंच पटलं. चेहरे तर आलेच की! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी आपापल्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. आठवडाभर सत्कार झाले, मग सगळं थंड. नव्या प्रेक्षकाला फक्त पळापळ आणि सूर मारणं दिसतं. कोण कुणाला कसं फसवतंय ते कळतच नाही.

एका जिल्हा स्पर्धेत शेजारी एक जुने प्रशिक्षक बसले होते. ते सहज बोलत होते, "आता बघा, ही पाठलाग करणारी खांबाकडे जाईल. एकदा दिशा धरली की तिला मागे फिरता येत नाही, मधली रेषाही ओलांडता येत नाही, म्हणून पळणारी पोरगी मुद्दाम तिच्या पाठीमागे सरकतेय." त्यानंतर मला तोच सामना वेगळा दिसायला लागला. अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमधल्या 'वझीर'चं, म्हणजे पाठलाग करणाऱ्या संघातल्या खास खेळाडूचं, महत्त्वही तेव्हाच कळलं, कारण त्याला दिशेचं हे बंधन नाही. तेव्हा खेळाडूंच्या नुसत्या मुलाखती नकोत. त्यांच्याच एखाद्या तीन मिनिटांच्या संरक्षणाची, म्हणजे बाद न होता पळत राहण्याची, चित्रफीत थांबवत थांबवत त्यांनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी मराठीत समजावून सांगावी. मोबाईल पुरतो त्याला.