मदत हवी आहे: डॉक्टरांचा नंबर लागंना

नमस्कार मंडळी, आईचा गुडघा महिनाभर धरलाय, जिना उतरताना कठड्याला अक्षरशः लोंबकळतीय. सांगलीत विश्रामबागमधल्या एका हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचंय पण नंबरच लागंना. फोनवर नंबर सकाळी ८ ला सुरू म्हणतात, मी ७:५९ पासून लावत बसतो, एंगेज, एंगेज, आणि ८:१० ला लागला की "आजचे संपले, उद्या करा". परवा वैतागून सहालाच दारात गेलो तर पायरीवर वहीचा कागद, वर दगड ठेवलेला, आणि त्यावर आधीच ३४ नावं! ही माणसं झोपतात कधी? त्यात आई तासगावला, एसटीनं आणायचं न्यायचं म्हणजे माझी एक रजा गेली. डॉक्टर चांगलेत, तक्रार त्यांची नाही, पण कंपाउंडरच्या ओळखीतले मधूनच आत घुसतात ते बघून डोकं फिरतं.

तर मिरज सिव्हिलला हाडांच्या ओपीडीत अलीकडं कुणी गेलंय का? सरकारी दवाखान्यात आभाचा (सरकारी हेल्थ आयडी) क्यूआर स्कॅन केला की केसपेपरचं टोकन मिळतं ना, तिथं त्यानं खरंच लवकर होतं का? नायतर दुसरे डॉक्टर सुचवा, सांगली-मिरज कुठंही चालेल, फक्त आदल्या दिवशी नंबर देणारे पायजेत.