उत्तर: मिस्सा म्हणजे ख्रिस्ताला पुन्हा बळी देणं का?

वर कोणीतरी लिहिलंय की कॅथलिक लोक दर रविवारी मिस्सेत, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस अर्पण करायच्या उपासनेत, येशूला पुन्हा क्रुसावर चढवतात. असं नाहीये हो, आणि हे मी पुण्यातल्या पंचहौदच्या सीएनआयवाल्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) घरात वाढलेला माणूस म्हणून सांगतोय. बायको कॅथलिक आहे, तिच्यासोबत नाना पेठेतल्या सिटी चर्चला जातो, तिथे फादर ‘माझं आणि तुमचं हे बलिदान देवाने स्वीकारावं म्हणून प्रार्थना करा’ म्हणतात तेव्हा पहिल्यांदा मी दचकलोच होतो, कारण लहानपणापासून बायबलमधल्या इब्री पत्राचा 10वा अध्याय कानावर, ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि कायमचं. पण ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1562 ला जे मांडलं ते नीट वाचा, बळी तोच, याजकही तोच ख्रिस्त, फक्त अर्पण करण्याची रीत वेगळी, रक्त न सांडता. म्हणजे नवा बळी नाही, तेच क्रुसावरचं अर्पण वेदीवर हजर होतं.

आता आमच्या प्रोटेस्टंट बाजूचं म्हणणं पण हलकं नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा खरा राग इथे होता की प्रभुभोजन, म्हणजे तीच भाकर आणि द्राक्षरस, हे देवाने आपल्याला दिलेलं दान आहे, ते उलटं फिरवून आपण देवाला काहीतरी देतोय असं केलं, आणि वर मेलेल्यांसाठी पैसे भरून मिस्सा. तो बाजार चुकीचाच होता, ट्रेंटनेही त्यातल्या पैशाच्या लोभावर बंदी घातली.

मला अजूनही अर्पण हा शब्द जड जातो. पण बायकोची आई वारली तेव्हा मिस्सेत भाकर वर उचलली गेली आणि मी हात जोडले, ते मनापासून होते.