अंड्याच्या कवचांचा थंडावा देणारा लेप: पूड पांढरी, मग लेप राखाडी का?

जिज्ञासा:
अन्नकचऱ्यापासून विजेविना गारवा देणारा लेप करता येतो का, हे पाहण्यासाठी मी अंड्यांची कवचे धुऊन, वाळवून दळली आणि ती पूड पारदर्शक ॲक्रिलिक बाइंडरमध्ये (कण एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रवात) कालवून पत्र्याच्या तुकड्याला लावली. पूड पांढरीशुभ्र होती; लेप मात्र वाळल्यावर राखाडी, अर्धपारदर्शक दिसतो आणि उन्हात साध्या पांढऱ्या रंगाच्या पत्र्यापेक्षाही अधिक तापतो. माझे कुठे चुकले असावे?

कणाद:
कवचाची निवड चुकलेली नाही. त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि नेहमीच्या पांढऱ्या रंगांतील टायटॅनियम डायऑक्साइड जसा अतिनील किरण शोषतो, तसे ते शोषत नाही. अडचण अपवर्तनांकाची, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याच्या मापाची आहे. कॅल्शियम कार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.६ आणि ॲक्रिलिकचा सुमारे १.५, म्हणजे जवळजवळ सारखाच असल्याने प्रकाश पुरेसा न विखुरता थेट पत्र्यापर्यंत पोहोचतो. कोरड्या पुडीत कणांभोवती हवा होती, म्हणून ती शुभ्र दिसत होती. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०२० साली याच संयुगाच्या रंगाने ९५.५ टक्के सूर्यप्रकाश परावर्तित केला, पण त्यात कणांचे प्रमाण आकारमानाने ६० टक्के होते. आपण बाइंडर किती घेतला?

जिज्ञासा:
पुडीच्या दुपटीहून अधिक. पूडही केवळ पिठाच्या चाळणीने चाळली होती.

कणाद:
मग दोन्ही बदलावे. कण मायक्रोमीटरच्या आसपासचे आणि लहानमोठे मिसळलेले असावेत; त्यासाठी बॉल मिलमध्ये (कठीण गोळ्या असलेल्या फिरत्या भांड्यात) पाणी घालून दळणे योग्य. दळण्याआधी कवचाच्या आतील पापुद्रा मात्र आठवणीने काढावा.

वसुधा:
एक भर घालते. नुसत्या परावर्तनाने पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा थंड होणार नाही. त्याने स्वतःची उष्णता ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांवाटे आकाशाकडे सोडली पाहिजे, कारण त्या पट्ट्यात निरभ्र, कोरडी हवा बरीच पारदर्शक असते. ॲक्रिलिक हे काम करते, आणि फळांच्या साली व धान्याच्या कोंड्यातील सेल्युलोजही करते. त्यामुळे मला सेल्युलोजचा सच्छिद्र पापुद्रा अधिक आशादायक वाटतो: त्यात प्रकाश विखुरणारी हवा अंगचीच असते, बाइंडर लागत नाही. पाण्यापासून त्याचे रक्षण करणे मात्र खरोखर कठीण आहे, कारण छिद्रे पाण्याने भरली की शुभ्रपणा जातो, आपल्या लेपात गेला तसाच.

जिज्ञासा:
आता कारण समजले. बाइंडर कमी करून, दोन्ही पत्र्यांच्या पाठीला सारखेच उष्णतारोधक लावून पुन्हा मोजते.