गोळ्या, उपास आणि मंडळीतली सेवा: निवृत्तीनंतर काय सोडायचं, काय बदलायचं?

हिरवळ२३

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

वय ६९, निवृत्त. हृदयाचं पंपिंग कमी, त्यासाठी सकाळी लघवी वाढवणारी गोळी (फ्युरोसेमाइड). शिवाय इन्सुलिन. रविवारी उपासनेतून सारखं उठावं लागू नये म्हणून त्या दिवशीची गोळी राहतेच. गुडघे टेकता येत नाहीत. शुक्रवारचा उपास चालू ठेवावा की नाही कळत नाही. मंडळीत दोन सूर आहेत. काही म्हणतात, औषधांवर एवढी भिस्त म्हणजे विश्वास कमी. बाकीचे म्हणतात, खूप केलंत, आता घरी बसा. संडे स्कूल अजून माझ्याकडेच आहे.

धीराचे शब्द नकोत, ते भरपूर मिळतात. नेमकं काय करायचं ते सांगा.

दुसरीपाळी

सलाम. आधी ती रविवारची गोळी. वगळायची नाही, तिची वेळ हलवायची, तीही डॉक्टरांना विचारून. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा असर तासाभरात सुरू होतो, पहिल्या एक-दोन तासांत जोर सर्वांत जास्त असतो आणि सहा-आठ तासांत ओसरतो. उपासना ९ ते ११ असेल तर घरी परतल्यावर १२ वाजता घेतलेली गोळी बहुतेकांना चालते. संध्याकाळवर ढकलू नका, नाहीतर रात्री अंधारात उठणं होतं आणि या वयात माणसं पडतात ती तिथेच. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि लिहून ठेवा. एका दिवसात १ ते १.५ किलो किंवा आठवड्यात २ किलोच्या वर वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वहीत दर सोमवारी आकडा वर गेलेला दिसला तर कारण शोधायला लांब जावं लागणार नाही. झोपताना एक उशी जास्त लागायला लागली, हीसुद्धा तीच खूण.

उपासाबद्दल स्पष्टच लिहिते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण टाळलं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. तुमच्या बाबतीत एक जास्तीची अडचण असू शकते. हृदयासाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) दिलं असेल तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही, फक्त घाम येतो. उपास-प्रार्थनेत डोकं खाली घालून बसलेल्या माणसाची साखर उतरली आहे हे शेजारच्यालाही कळत नाही, त्याला वाटतं प्रार्थनेत तल्लीन आहेत. खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज ठेवा (तीन चमचे साखर पाण्यात घालूनही चालते), ते घेतल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर लांब उपासात रक्तात आम्ल साठू शकतं आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसते, त्यामुळे मीटर बघून गाफील राहायला होतं. डॉक्टरांनी लेखी डोस बदलून दिल्याशिवाय उपास नाही.

गुडघ्यांचं फार मनावर घेऊ नका, बसून केलेली प्रार्थना प्रार्थनाच असते. पण बराच वेळ बसून गीतासाठी एकदम उभं राहिलात की रक्तदाब घसरतो. तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळ्यांचा मेळ बदलावा लागतो. उठण्याआधी टाचा दहा वेळा वर-खाली करा, पुढचा बाक धरा आणि रांगेच्या कडेला बसा.

मेणबत्ती_कोपरा

तुम्ही कॅथलिक आहात का ते लिहिलेलं नाही, पण असाल तर उपासाचा प्रश्न चर्चच्या कायद्यानेच सोडवला आहे. उपासाचं बंधन १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच आहे. ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही, यात पाणी आणि औषध धरलेलं नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासात काही खाल्लं असलं तरी त्यांना प्रसाद घेता येतो. हे शेवटचं घरच्यांना सहसा माहीत नसतं आणि सून किंवा मुलगी विनाकारण उपाशी राहते.

गिळायला त्रास होणाऱ्यांना प्रसादाची कोरडी भाकर टाळूला चिकटते. अगदी लहान तुकडा मागा. तोही जमत नसेल तर फक्त द्राक्षारस देता येतो, पण वेदीपाशी खुणा करत बसण्यापेक्षा फादरना आधी सांगून ठेवा.

जुनं_पान

विश्वास आणि औषध या वादावर. 'औषध म्हणजे अविश्वास' म्हणणारे बहुधा २ इतिहास १६:१२ काढतात, आसा राजा परमेश्वराला सोडून वैद्यांकडे गेला ते. तिथे दोष परमेश्वराला सोडल्याचा आहे. २ राजे २० मध्ये आजारी हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली गेली, १५ वर्षं वाढवून मिळाली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि सोबती त्रफिमाला मिलेत गावात आजारी ठेवून पुढे जातो. त्या त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौल कुठेही म्हणत नाही. एवढे चार दाखले पुरेत, वाद घालत बसू नका. गोळी बंद करा असं कोणी सांगितलं तर पाळकांच्या कानावर घाला, कारण तोच सल्ला उद्या दुसऱ्या एखाद्या आजाऱ्यालाही दिला जाईल.

हिरवळ२३

आभार. वजनाची वही आजपासून. दोन गोष्टी राहिल्या: तेल लावून प्रार्थना केव्हा मागायची, आणि ते 'घरी बसा'.

मेणबत्ती_कोपरा

शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका. याकोब ५:१४ नीट वाचा, मंडळीच्या वडीलजनांना बोलावणं आजाऱ्याने धाडायचं आहे. मंडळीला आपोआप कळेल म्हणून वाट बघणारे नंतर रुसतात. कॅथलिकांमध्ये हा तेल लावण्याचा संस्कार धर्मगुरूच देतात. मोठ्या आजारामुळे शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तिच्याआधी मागता येतो, आणि वयामुळे शक्ती फार खालावली असेल तर ठरावीक आजार नसतानाही. बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडलं किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली तर परत घेता येतो. माणूस शुद्धीवर असताना बोलावलं तर पापनिवेदनही होतं. बेशुद्धीत ते राहूनच जातं.

जुनं_पान

'घरी बसा' याला उत्तर गणना ८:२५-२६ मध्ये आहे. लेवी (उपासनास्थानाची सेवा करणारं कुळ) ५० व्या वर्षी अवजड सेवेतून मोकळे होत, पण भावांच्या मदतीला राहत. म्हणजे काम बदलतं, माणूस बाजूला पडत नाही. उलट बाजूनं बर्जिल्लयही वाचा (२ शमुवेल १९). ८० वर्षांचा, चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही. राजवाड्यात ये म्हणणाऱ्या दावीद राजाला तो सरळ नाही म्हणतो आणि स्वतःऐवजी किम्हामाला (बहुधा त्याचा मुलगा) पाठवतो. मला तो नेमका हवा तेव्हा थांबलेला वाटतो.

संडे स्कूल एकदम सोडू नका, तीन महिने घ्या. पहिल्या महिन्यात तुम्ही शिकवा आणि दुसरा शिक्षक बसून बघेल, दुसऱ्यात उलट, तिसऱ्यात तुम्ही फक्त पाठ तयार करून द्या. कपाटाच्या किल्ल्या, हजेरी, पालकांचे नंबर आणि शिल्लक रक्कम सही घेऊन सोपवा. किल्ली स्वतःकडे ठेवून दिलेली जबाबदारी दिलेली नसते, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. मग प्रार्थनेची यादी घ्या. सात वारांना सात गट करा, दिवसाला पाच नावांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर थकवा आला की सगळंच बंद पडतं. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याला आठवड्यात एक फोन.

दुसरीपाळी

एक गोष्ट कोणी विचारली नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, पहाटे लवकर जाग येणं, प्रार्थनेतच नाही तर नातवंडांतही रस न उरणं, हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार होतो. ते आध्यात्मिक कोरडेपण समजून महिने घालवू नका. १ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी दोनदा खाऊ घातलं, मध्ये झोपू दिलं. डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं. आणि प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ जसंच्या तसं म्हणा, ते अंधारातच संपतं.

दुसरं, शेवटच्या आजारात काय हवं, काय नको ते लिहून ठेवा. तुमच्या वतीने निर्णय कोण घेईल, व्हेंटिलेटर चालेल का, छाती दाबून हृदय चालू करायचं का, पाळकांना कोणत्या टप्प्यावर बोलवायचं. ख्रिस्ती म्हणून यात अपराध वाटायला नको. फायद्यापेक्षा त्रासच जास्त देणारे उपचार नाकारणं आणि जीव घेणं या दोन गोष्टी ख्रिस्ती शिकवणीत वेगळ्या धरल्या आहेत, आणि वेदना शमवण्यापुरती औषधं घ्यायला १९५७ मध्येच पोप बारावे पायस यांनी मोकळीक दिली होती, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी. नळीने अन्नपाणी देण्याबाबत कॅथलिक शिकवण जास्त काटेकोर आहे, तेवढं फादरशी बोलून लिहा.

कागदावर तारीख घाला आणि दर वर्षी किंवा प्रत्येक ॲडमिशननंतर पुन्हा वाचा. एक प्रत निर्णय घेणाऱ्याकडे, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये, एक पाळकांकडे. फक्त बायबलच्या पानांत ठेवलेला कागद रात्री दोन वाजता कुणाला सापडत नाही.